शेऱ्याचा रकाना

न्यूयॉर्कमध्ये १८६४-६५च्या सुमारास व्यापारी किश्शांचा एक जाडजूड कोश प्रसिद्ध झाला. संकलक होता रिचर्ड मिलर डेव्हन्स. पुस्तकावर मात्र त्याने फ्रेझर कर्कलँड हे टोपणनाव घातले. सावकार, सट्टेबाज, जहाजमालक, दलाल यांच्या गोष्टी त्यात ठासून भरल्या आहेत. आज ते पुस्तक कुणी आवर्जून वाचणार नाही. तरीही संगणकाच्या इतिहासात त्याचे नाव निघते, ते एका शब्दजोडीमुळे. सर हेन्री फर्निस या लंडनच्या सावकाराविषयी लिहिताना डेव्हन्स म्हणतो की हॉलंड, फ्लँडर्स, फ्रान्स आणि जर्मनी या मुलखांत त्याने ‘बिझनेस इंटेलिजन्स’ची अखंड साखळी राखली होती. आज मोठमोठ्या कंपन्या ज्या प्रणालींवर अफाट खर्च करतात, त्यांचे नाव छापील स्वरूपात आढळणाऱ्या सर्वांत जुन्या जागांपैकी ही एक.

या शब्दाचे मराठीत ‘व्यवसाय-बुद्धिमत्ता’ असे भाषांतर केलेले अलीकडे दिसते. मला ते पटत नाही. फर्निसच्या काळात इंटेलिजन्स म्हणजे बातमी. आपल्याकडे जासूद आणि बातमीदार जे आणीत ते. म्हणून हा इतिहास मी ‘धंद्याची बातमी’ या अर्थाने वाचत आलो. बातमीची बुद्धी कधी झाली, कुणी केली आणि त्या बदलात काय गळून पडले, हा या लेखाचा विषय आहे.

फर्निस हा केंट परगण्यातला माणूस. बँक ऑफ इंग्लंड १६९४ साली स्थापन झाली तेव्हाच्या संचालकांपैकी एक. फ्रान्सशी युद्ध चालू होते आणि सरकारी रोख्यांचे भाव लढाईच्या निकालावर हलत होते. १६९५ साली नामूरचा किल्ला पडल्याची खबर फर्निसला इतरांच्या आधी लागली आणि त्याने त्यावर नफा कमावला. राजा तिसरा विल्यम याने एका महत्त्वाच्या खबरीबद्दल त्याला हिऱ्याची अंगठी दिली, असेही सांगितले जाते. इथवरची गोष्ट बीआयवरच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या पानावर असते. तिचा उत्तरार्ध तिथे सहसा नसतो. फर्निस खोट्या बातम्याही तयार करायचा. त्याला रोखे विकत घ्यायचे असले की त्याचे दलाल बाजारात पडलेल्या चेहऱ्याने फिरत, काहीतरी गंभीर घडल्याचे सूचित करत आणि थोडे रोखे विकत. त्यांच्यावर सगळ्यांची नजर असे. घबराट पसरे, भाव चार-पाच टक्क्यांनी उतरे आणि मग फर्निसची माणसे गुपचूप खरेदी करत. ज्याची बातमी सगळ्यांत लवकर येते असा लौकिक झाला, त्याचा उदास चेहरासुद्धा बातमी ठरतो.

डेव्हन्सचे पुस्तक निघाले त्याच सुमारास मुंबईत याच जातीचे नाट्य रंगले होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१पासून लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मुंबईतला भाव लिव्हरपूलच्या भावावर चाले आणि लिव्हरपूलचा भाव डाकेच्या बोटीतून येई. प्रेमचंद रायचंद यांच्याबद्दल अशी गोष्ट सांगितली जाते की ते आपली माणसे होड्यांतून समुद्रात पाठवीत, बोट धक्क्याला लागण्यापूर्वीच भाव कळवून घेत आणि शहर जागे होईपर्यंत सौदे उरकीत. राजाबाई टॉवर त्यांच्या आईच्या नावाचा, हे वाचकांना ठाऊक असेलच. बातमीच्या शर्यतीत त्यांच्या तोडीचा दुसरा माणूस त्या काळच्या मुंबईत सापडणे कठीण. आणि तरी १८६५ साली अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस कोसळला, बॅकबे भरणीच्या कंपनीसारखे समभाग कागदाच्या मोलाचे झाले आणि १ जुलै १८६५च्या वायदे-फेडीच्या दिवशी मुंबईची निम्मी पेढी-दुनिया बसली. प्रेमचंदही त्यात बुडाले. युद्ध कधी तरी संपणार, ही गोष्ट कळायला होडीची गरज नव्हती. ती सगळ्यांना माहीत होती.

बातमीची ही एक परंपरा. दुसरी परंपरा आहे हिशेबाची, आणि तिचा एक उत्तम नमुना आपल्या पुण्यातच होता. पेशव्यांचे दफ्तर हे अर्थात राज्यकारभाराचे, व्यापाराचे नव्हे. पण शेकडो ठिकाणांहून येणारी खुर्द माहिती कारभाऱ्याच्या नजरेखाली कशी आणायची, हा प्रश्न दोघांचा सारखाच. हुजूर दफ्तराचे दोन मोठे भाग होते. चालते दफ्तर, ज्यात फड, बेहडा वगैरे शाखा येत, आणि एकबेरीज दफ्तर. फडावर रोजकीर्द लिहिली जाई. रोजच्या रोज घडेल तो व्यवहार तिच्यात. बेहड्यात वर्षाचा अंदाज बांधला जाई. एकबेरीज दफ्तर कायम पुण्यात असे. सगळ्या खात्यांचे कागद तिथे येत, लावले जात आणि त्यांतून दोन गोष्टी तयार होत. एक खतावणी, म्हणजे जमाखर्चाच्या बाबींची अक्षरानुक्रमे मांडणी. दुसरी तर्जुमा. आज आपण तर्जुमा म्हणजे भाषांतर एवढेच समजतो. दफ्तरात तर्जुमा म्हणजे एका प्रांताचा वर्षाचा एकूण वसूल, खर्च आणि शिल्लक एका पानावर आणणारा गोषवारा.

एका पानावर! आजच्या कंपनीच्या संचालकाला जे हवे असते ते हेच. फरक एवढा की मोडी वाचणाऱ्या कारभाऱ्याला त्या पानावरच्या एखाद्या आकड्याचा संशय आला, तर तो खतावणीत, तिथून रोजकिर्दीत आणि तिथून गावच्या कुळकर्ण्याच्या कागदापर्यंत मागे मागे जाऊ शकत होता. आजच्या भाषेत याला ‘ड्रिल डाउन’ म्हणतात. थोरल्या माधवरावांच्या आणि नंतर नाना फडणिसांच्या काळात हे दफ्तर चोख होते. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत ते नुसते दुर्लक्षित राहिले नाही, लोक कागद उचलून नेत तरी कुणी विचारीत नव्हते. पद्धत तीच होती, ती शिकलेले कारकूनही असणार. पान मागणारा राहिला नव्हता.

या दोन्ही परंपरा, बातमीची आणि हिशेबाची, एका यंत्रात पहिल्यांदा भेटल्या त्या कुठे? अमेरिकेतल्या एखाद्या तेलकंपनीत किंवा बँकेत, असे वाटणे साहजिक आहे. त्या भेटल्या लंडनच्या एका चहावाल्याकडे.

जे. लायन्स अँड कंपनीने पिकॅडिलीत पहिले चहाचे दुकान १८९४ साली उघडले. ऐन भरात अशी सुमारे अडीचशे दुकाने झाली. चहा, पाव, केक, पाय, आइस्क्रीम असा सगळा माल हॅमरस्मिथजवळच्या कॅडबी हॉल या प्रचंड कारखान्यातून निघे. (मार्गारेट थॅचर तरुणपणी याच कंपनीत अन्नरसायनतज्ज्ञ म्हणून नोकरीला होत्या. विषयाला सोडून आहे, पण राहवत नाही.) धंदा असा की एका पदार्थामागे नफा अगदी थोडा, व्यवहार लाखोंचे आणि माल दुसऱ्या दिवशी शिळा. पाच केक जास्त गेले तर फेकायचे, पाच कमी गेले तर गिऱ्हाईक परत. अशा धंद्यात हिशेब हाच नफा.

लायन्समध्ये १९२३ साली जॉन सिमन्स नावाचा केंब्रिजचा गणिती रुजू झाला. कार्यालयातल्या कामाचा कारखान्यासारखा अभ्यास करणारा एक स्वतंत्र विभाग त्याने तिथे वाढवला. कारकून काय लिहितो, ते कोण वाचतो, वाचून काय करतो, असे प्रश्न तो विभाग विचारी. म्हणजे संगणक यायच्या वीस वर्षे आधी प्रश्न तयार होते. १९४७ साली या कंपनीने थॉमसन आणि स्टँडिंगफर्ड या दोन अधिकाऱ्यांना अमेरिकेत पाठवले. तिथे त्यांना कळले की तुमच्याच देशात केंब्रिजला मॉरिस विल्क्स एक यंत्र बनवतो आहे. परत आल्यावर लायन्सने विल्क्सच्या प्रकल्पाला सुमारे तीन हजार पौंड आणि एक माणूस दिला आणि त्याचे यंत्र १९४९च्या मे महिन्यात चालू झाल्यावर त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधायला घेतले. अभियंता जॉन पिंकर्टन, कामांची मांडणी करणारा डेव्हिड कॅमिनर. यंत्राचे नाव लिओ. लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह, पाऱ्याने भरलेल्या नळ्यांची स्मृती, तीही २०४८ शब्दांची. १९५१च्या नोव्हेंबरअखेर बेकरीच्या मालाचे साप्ताहिक मूल्यांकन लिओवर नियमित होऊ लागले. धंद्याचे रोजचे काम संगणकावर चालल्याचे जगातले हे पहिले उदाहरण मानले जाते.

मला मात्र त्यानंतरचे, १९५४ सालचे काम अधिक महत्त्वाचे वाटते. ते होते दुकानांच्या मागणीचे. पूर्वी प्रत्येक दुकानाची व्यवस्थापिका रोज पदार्थांची लांबलचक यादी भरून पाठवी. कॅमिनरच्या मांडणीत प्रत्येक दुकानाची आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी एक ठरीव मागणी यंत्राकडे आधीच असे. रोज ठरलेल्या वेळी कॅडबी हॉलमधून त्या दुकानाला फोन जाई. व्यवस्थापिकेने फक्त उद्याच्या मागणीत काय वेगळे हवे तेवढे सांगायचे. फोनवर बसलेली मुलगी कानाला हेडफोन लावून ऐकता ऐकताच कार्डावर भोके पाडी. ती कार्डे लिओत जात आणि त्यातून बेकरीला एकूण किती बनवायचे, प्रत्येक दुकानाच्या गाडीत काय भरायचे आणि वरच्या अधिकाऱ्यांना काय कळवायचे, हे सगळे एकाच धावेत निघे.

या रचनेत यंत्राला नेहमीचे काय ते ठाऊक आहे. माणसाने अपवाद सांगायचा. शेजारच्या कारखान्याला उद्या सुट्टी आहे, रस्ता खणला आहे, कोपऱ्यावर जत्रा लागणार आहे, अशा गोष्टी कुठल्याही यंत्राला कळण्याचा मार्ग नसतो. त्या दुकानातल्या बाईला कळतात. लायन्सने तिच्या अंदाजाला प्रणालीच्या मध्यभागी जागा दिली. ती फोनवर जे बोले त्याने त्याच रात्रीचा आकडा बदले. आपल्या जुन्या वह्यांत आणि कचेऱ्यांच्या नोंदवह्यांत शेवटचा रकाना ‘शेरा’ असा असतो. लिओचा टेलिफोन हा शेऱ्याचा रकाना होता, आणि तो यंत्राच्या आत होता.

पुढे लायन्सचे काय झाले हे सांगितले पाहिजे. लिओ कॉम्प्युटर्स ही कंपनी १९५४ साली निघाली, १९६३ साली इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये मिसळली आणि १९६८ साली आयसीएलमध्ये विरून गेली. मूळ लायन्सने १९७०च्या दशकात परदेशातल्या कंपन्या विकत घेण्यासाठी परकी चलनात मोठी कर्जे काढली. तेलसंकट आले, पौंड घसरला, आणि १९७८ साली लायन्स अलाईड ब्रुअरीजच्या पोटात गेली. केकची संख्या अचूक काढणारी व्यवस्था तिथे होती. कर्ज काढावे की नाही हे ठरवणाऱ्या माणसांना उलट फोन करणारी व्यवस्था नव्हती. हा माझा अर्थ आहे, लायन्सच्या इतिहासकारांनी तो काढलेला नाही.

लिओचे लोक आपल्या कामाला ‘बिझनेस इंटेलिजन्स’ म्हणत नसत. ती शब्दजोडी यंत्राला लावली हान्स पीटर लून याने. १८९६ साली जर्मनीतल्या बार्मेन गावी जन्मलेला हा माणूस कापडधंद्यातून आलेला. कापडातले धागे मोजण्याचे एक साधन त्याने शोधले होते. १९४१ साली तो आयबीएममध्ये गेला. आपल्या खिशातल्या बँकेच्या कार्डावरचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून ज्या सूत्राने काढलेला असतो, ते सूत्र लूनचे. ऑक्टोबर १९५८मध्ये आयबीएमच्या संशोधनपत्रिकेत त्याचा ‘अ बिझनेस इंटेलिजन्स सिस्टिम’ हा लेख आला. शब्दकोशातला अर्थ घेऊन त्याने इंटेलिजन्सची व्याख्या केली: समोरच्या तथ्यांमधले परस्परसंबंध अशा रीतीने ओळखणे की त्यातून ध्येयाकडे जाणारी कृती सुचावी. बातमीची बुद्धी झाली ती इथे.

गंमत म्हणजे लूनच्या लेखात विक्रीचे तक्ते जवळजवळ नाहीतच. त्याचा प्रश्न कागदपत्रांचा आहे. संस्थेत येणारे प्रत्येक टिपण मायक्रोफिल्मवर आणि चुंबकीय फितीवर जावे, शब्दांची वारंवारता मोजून यंत्राने त्याचा गोषवारा काढावा आणि संस्थेतल्या प्रत्येक माणसाच्या कामाचे जे शब्दचित्र यंत्राकडे ठेवलेले आहे त्याच्याशी तो ताडून योग्य त्याच माणसाला कळवावा. त्या माणसाने एखादा कागद मागवला की त्याचे शब्दचित्र त्यानुसार बदलावे. शिवाय एखाद्या विषयाची माहिती संस्थेत कुणाला आहे, हेही यंत्राला विचारता यावे. हे सगळे तेव्हाच्या यंत्रांना झेपणारे नव्हते. तो आराखडाच होता. १९६४ साली लून वारला. आज भाषा समजणाऱ्या यंत्रांकडून आपण जे करून घेऊ पाहतो ते बरेचसे त्या आराखड्यात आहे. ज्ञान कागदात असते तितकेच माणसात असते आणि यंत्राने माणसाकडे बोट दाखवावे, ही त्यातली गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. नंतरच्या लोकांनी नेमकी तीच सोडून दिली.

मधली तीस-चाळीस वर्षे मी भराभर ओलांडतो, कारण ती पाठ्यपुस्तकांत सविस्तर आहेत. एडगर कॉडने १९७० साली माहिती तक्त्यांच्या रूपात साठवण्याची गणिती मांडणी दिली. १९७४ साली आयबीएममध्येच चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा केली, आजची एसक्यूएल. संगणकतज्ज्ञ नसलेल्यांनाही ती वापरता यावी असा त्यांचा हेतू होता. प्रत्यक्षात ती तज्ज्ञांचीच भाषा झाली. १९८९ साली हॉवर्ड ड्रेसनर यांनी ‘बिझनेस इंटेलिजन्स’ हे नाव पुन्हा चलनात आणले. १९९०च्या दशकात बिल इनमन आणि राल्फ किंबॉल यांनी माहितीची गोदामे कशी बांधावीत यावर दोन पंथ काढले आणि त्यांच्या अनुयायांचे भांडण अजून संपलेले नाही. याच दशकातली बिअर आणि डायपरची कथा तुम्ही ऐकली असेल: बिलांचे विश्लेषण केल्यावर कळले की संध्याकाळी डायपर घ्यायला येणारे बाप बिअरही घेतात, म्हणून दुकानाने दोन्ही शेजारी ठेवले आणि विक्री वाढली. मूळ हकिगत १९९२ची, ऑस्को ड्रग या अमेरिकी दुकानसाखळीची. संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान तसा संबंध दिसला हे खरे. पण दुकानाने त्यावरून मांडणी बदललीच नाही. प्रणाली विकणाऱ्यांनी गोष्टीचा शेवट स्वतः लिहिला. फर्निसच्या दलालांचे वारस आहेत ते.

आता आजची स्थिती. संचालकाच्या पडद्यावर जे रंगीत पान असते त्याला डॅशबोर्ड म्हणतात. हा शब्द घोडागाडीचा. टापांनी उडणारा चिखल बसलेल्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी म्हणजे डॅशबोर्ड. २००७ या एका वर्षात या धंद्यातल्या हायपेरियन, बिझनेस ऑब्जेक्ट्स आणि कॉग्नोस या तीन कंपन्या अनुक्रमे ओरॅकल, सॅप आणि आयबीएमने घेण्याचे ठरवले. पुढे टॅब्लो आणि २०१५नंतर पॉवर बीआय यांनी ही फळी लहान कंपन्यांच्याही आवाक्यात आणली. पान सुंदर झाले, ताजे झाले, स्वस्त झाले. आणि तरीही कुठल्याही मोठ्या कचेरीत त्या पानावरचे सगळ्यांत लाडके बटण कोणते हे विचारा. माहिती एक्सेलमध्ये उतरवून घेण्याचे. लोक ती उतरवतात, शेजारी स्वतःचा एक रकाना घालतात आणि त्यात लिहितात. काय लिहितात? शेरा.

मी आयुष्याची बावीस वर्षे सांगलीत एका वितरकाकडे हिशेबनीस होतो. साबण, बिस्किटे, चहा. ही पाने वर कशी तयार होतात ते मी खालून पाहिले आहे, म्हणून दोन गोष्टी जरा विस्ताराने सांगतो.

पहिली गोष्ट विक्री या शब्दाची. कंपनीने वितरकाला माल पाठवला की तिच्या दृष्टीने विक्री झाली. याला प्रायमरी म्हणतात. वितरकाने दुकानदाराला दिला की सेकंडरी. दुकानदाराकडून गिऱ्हाइकाने घेतला ती खरी विक्री, पण ती किराणा दुकानात बहुधा कुठेच नोंदली जात नाही. महिनाअखेरीला वरच्या पानावरचा काटा लाल असला की खालच्या अधिकाऱ्याचा फोन येतो, “साहेब, एवढी एक गाडी उतरवून घ्या, पुढच्या महिन्यात बघू.” गाडी उतरते, काटा हिरवा होतो, माल गोदामात पडून राहतो आणि पैसे वितरकाचे अडकतात. पानावरचा आकडा खोटा नसतो. त्याचे बिल असते, त्यावर करही भरलेला असतो. फर्निसला खोटी बातमी पसरवायला दलाल लागत. आमच्याकडे पान बघणाऱ्यानेच तिला मागणी घातलेली असते.

दुसरी गोष्ट कालगणनेची. प्रणाली या महिन्याची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करते. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेले. दिवाळीचा माल दुकानात भरला जातो तो आधीच्या दोन-तीन आठवड्यांत. म्हणजे २०२२चा ऑक्टोबर फुगलेला आणि २०२३चा त्यापुढे रोडावलेला दिसणार, यात धंद्याचा काही दोष नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, त्याचेही तेच. चांगल्या प्रणालीत सणांचे पंचांग भरता येते, कुणी कुणी भरतातही. पण गावची यात्रा, उसाचे बिल कधी सुटले, कृष्णेच्या पुरात कुठला पूल पाण्याखाली गेला, हे कुठल्याच पंचांगात नसते.

हे सगळे लायन्सच्या व्यवस्थापिकेने फोनवर एका वाक्यात सांगितले असते. आज सांगलीच्या पेठेतल्या दुकानदाराच्या हातातल्या मोबाइलवर कंपनीचे ॲप ‘सुचवलेली मागणी’ दाखवते. वरवर पाहता ही लिओचीच ठरीव मागणी, सत्तर वर्षांनी खिशात आलेली. सोय मोठी आहे, ती मी नाकारत नाही. विक्रेत्याचे कितीतरी लिहिणे वाचले. पण सुचवलेल्या आकड्यापेक्षा कमी मागणी घेणाऱ्या विक्रेत्याला आता कारण द्यावे लागते. म्हणजे अपवाद सांगणे हे लिओत काम होते, ते इथे कसूर ठरू लागले आहे. दुकानदाराची विक्रीची नोंद वर जाते, शेजारच्या दुकानांच्या नोंदींशी मिसळते, त्यातून त्याच्या पेठेचे चित्र तयार होते. ते चित्र कंपनीला दिसते. दुकानदाराला दिसतो तो फक्त आकडा.

पुढची पायरी आता आपल्यासमोर उघडते आहे. भाषा समजणारी यंत्रे या गोदामांना जोडली जात आहेत. ‘मागच्या तिमाहीत कोल्हापूर विभागात बिस्किटे का उतरली?’ असे साध्या शब्दांत विचारायचे. यंत्र स्वतः एसक्यूएल लिहिते, तक्ते धुंडाळते आणि नीटनेटक्या परिच्छेदात उत्तर देते. १९७४ साली चेंबरलिन आणि बॉइस यांना जे साधायचे होते ते अखेर साधले, असे म्हणता येईल. अडचण ‘का’ या शब्दाची आहे. किती उतरली, कुठे उतरली, कधीपासून, याची उत्तरे तक्त्यात असतात. का उतरली याचे उत्तर तक्त्यात असेलच असे नाही, बहुतेकदा नसते. जुनी प्रणाली अशा वेळी गप्प बसत असे. नवी यंत्रे गप्प बसत नाहीत. तक्त्यातल्याच दोन-तीन गोष्टी जुळवून ती एक कारण देतात आणि ते पटण्याजोगे असते. रिकामा रकाना पाहून माणूस चौकशी करतो, फोन उचलतो. भरलेला रकाना पाहिल्यावर उचलत नाही.

त्याच्याही पुढे, उत्तर देऊन न थांबता मागणी स्वतःच नोंदवणारी, भाव स्वतःच बदलणारी यंत्रे येत आहेत. त्यांना विरोध करणे व्यर्थ आहे, आणि नाशवंत मालाच्या धंद्यात त्यांचा फायदा खराच आहे. मी विचारीन तो प्रश्न वेगळा. विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट त्याच रात्री आकडा बदलू शकते का? वरच्या पानावरच्या बेरजेतून खालच्या बिलापर्यंत, एकबेरजेतून रोजकिर्दीत जावे तसे, कुणालाही मागे जाता येते का? ‘हे कुणाला माहीत आहे’ असे विचारल्यावर यंत्र माणसाचे नाव सांगते का? तिन्ही गोष्टी तांत्रिकदृष्ट्या आज शक्य आहेत. पानावर शेरा लिहिण्याची सोय कित्येक प्रणालींत आहेही. पण तो आकड्याच्या शेजारी चिकटतो, आकड्यात मिसळत नाही, आणि सकाळी पान ताजे झाले की कालचा शेरा कुठल्या आकड्याबद्दल होता हेही कळेनासे होते.

आमच्या पेढीवर कागदी मागणीवह्या होत्या तोपर्यंत शेऱ्याच्या रकान्यात काय वाटेल ते लिहिलेले असे. ‘पूल बंद.’ ‘मुलीचे लग्न, आठ दिवस दुकान नाही.’ ‘समोर नवे दुकान, उधारी जास्त देतो.’ ‘म्हातारा वारला, मुलगा उघडील असे वाटत नाही.’ मालक शनिवारी वह्या घेऊन बसत आणि आधी हाच रकाना वाचत. मग ॲप आले. मागणी कमी का, याची कारणे त्यात ठरवून दिलेली आहेत: दुकान बंद, मालक नाही, साठा शिल्लक, इतर. विक्रेत्यांनी पहिले काही दिवस विचार करून कारण निवडले. नंतर जवळजवळ सगळेच ‘इतर’ निवडू लागले, कारण ते यादीत शेवटी असल्याने अंगठ्याला जवळ पडते. दर महिन्याला कारणांचा एक गोल तक्ता वरून येतो. त्यात सगळ्यांत मोठा तुकडा ‘इतर’चा, करड्या रंगाचा. त्यात काय काय आहे ते विचारणारा फोन मी असेपर्यंत तरी आला नाही.